आधी बोका, मग घोंगडी

प्रश्न : आजीची काळी घोंगडी बैठकीत अंथरली आहे. आमचा बोका हल्ली तिच्यावरच लघवी करतो. वास जात नाही. फिनेल वापरू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फिनेल मुळीच नको! पंजे चाटताना ते पोटात जातं आणि मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. ब्लीचही नको, त्यानं लोकर विरघळते. ओलं दिसताच सुती फडक्यानं दाबून टिपा. गार पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून तेवढाच भाग भिजवा, पुन्हा टिपा आणि वाऱ्यावर खडखडीत वाळवा. गरम पाण्यानं, चोळण्यानं लोकर आटते. सणगरांनी हातमागावर विणलेल्या घोंगडीवर माझाही फार जीव आहे, म्हणून एवढं सांगते. कसरीसाठी डांबराच्या गोळ्या ठेवत असाल तर त्याही काढा. मांजराला त्या विषारी.

पण मला खरी काळजी बोक्याची वाटते. त्याची सवय अचानक बदलली, तर मूत्रमार्गाचं दुखणं असू शकतं. पशुवैद्यांना दाखवाच. तो कुंथतोय आणि थेंबच पडतोय असं दिसलं, तर रात्र असली तरी लगेच न्या. लघवी तुंबली तर बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. तोवर घोंगडी गुंडाळून माळ्यावर ठेवा.