चक्की घ्यावी की दळण बाहेरच द्यावं?

प्रश्न : काका, मी नंदनवनमध्ये घरून सावजी मसाला विकते. महिन्याला ४०० किलो जातो. भाजणं माझ्याकडे, दळण इतवारीतल्या चक्कीवर ३५ रुपये किलोनं, पॅकिंगला दोघी जणी येतात. भाऊ म्हणतो, स्वतःचं पल्वरायझर घे, माणूस ठेव. मशीनचा हप्ता ७,००० बसेल, माणसाचा पगार १४,०००, वीज किलोमागे ६ रुपये. नवरा म्हणतो, भाजण्यापासून पॅकिंगपर्यंत सगळंच एखाद्या कारखान्याला देऊन टाक, तू फक्त विक. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, सध्या दोघांचंही ऐकू नका.

आधी भावाचा हिशेब. आज तुम्ही दळणाचे १४,००० देता. मशीन घेतलं की हप्ता आणि पगार मिळून २१,००० ठरलेले, दळा की नका दळू. वर २,४०० वीज. म्हणजे २३,४००. किलोमागे तुमचे २९ रुपये वाचतात, त्यातून २१,००० निघायला सव्वासातशे किलो दळण हवं. तेही बाराही महिने. आता श्रावण आठवा. आपल्याकडे अर्ध्या घरांत मटण बंद, तुमचा मसाला रॅकवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली की पुन्हा झुंबड. त्या मधल्या महिन्यात चक्कीवाल्याला तुम्ही काही देत नाही. मशीनवर ठेवलेल्या माणसाला मात्र पगार द्यावाच लागेल, आणि द्यायलाच हवा. ७००-८०० किलोची विक्री वर्षभर टिकली, तर भावाला पुन्हा बोलवा. तोवर गाळ्याबिळ्याच्या भानगडीत पडू नका.

नवऱ्याचा सल्ला मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण त्यात मी स्वतः पोळलोय. हिंगण्याच्या एमआयडीसीत मी २६ वर्षं मिठाईचे डबे बनवले. पेस्टिंग बाहेर, आजूबाजूच्या बायांकडे नगावर, कटिंग-पंचिंग माझ्याकडे. पावसाळ्यात डिंक वाळायचा नाही, तेवढी कटकट सोडली तर बरं चाललं होतं. एका दिवाळीआधी मला हाव सुटली अन् सगळाच माल एका मोठ्या कारखान्यात टाकला. डबे वेळेत आले, छपाईही माझ्यापेक्षा सरस. चार दिवसांनी संत्रा बर्फीवाल्या गिऱ्हाइकाचा फोन : "भाऊ, तुमच्या डब्याले पोट सुटलं ना!" बोर्डाची रेघ, म्हणजे पुठ्ठ्यातल्या तंतूंची दिशा, उलटी घेतली होती. रिकाम्या डब्यात ते दिसत नाही, किलोभर बर्फी भरली की बाजू फुगतात. रेघ कुठल्या अंगानं घ्यायची हे माझ्या कारागिराच्या हाताला ठाऊक होतं. ऑर्डरवर ते लिहायला हवं, हे मला सुचलंच नव्हतं. कारखान्याची चूक कशी म्हणू?

तुमचं भाजणं तसंच आहे. खोबरं किती काळं होऊ द्यायचं, दगडफूल कढईत कधी टाकायचं, हे तुम्ही वासावर ठरवता. कारखान्याला काय लिहून देणार? 'वास सुटेपर्यंत'? भाजणं आणि प्रमाण घराबाहेर जाऊ देऊ नका.

दळण बाहेर चालतं, कारण ते तिथल्या तिथे तपासता येतं. पोतं घेताना आत हात घाला. पीठ चटका लागण्याइतकं गरम असेल, तर चक्की घाईत चाललीय आणि तुमचा वास चक्कीवरच उडून जातोय. थांबत थांबत दळायला सांगा, त्यासाठी किलोला दोन रुपये जास्त मागितले तर द्या. तुमच्याआधी कुणाची हळद दळली असेल, तर आधी तुमचाच किलोभर माल फिरवून तो वेगळा काढा. आणि सगळा मसाला एकत्र करून पाठवू नका. मिरची-धणे एका खेपेत, गरम मसाला दुसऱ्या खेपेत, मिसळणं घरी. प्रमाण चक्कीवाल्याला कळायचं कारण नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात : पाकिटावर नाव तुमचं आहे, तेव्हा चक्कीवाल्याचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा, नंबर मागून घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर माल डिलिव्हरी चलनावर पाठवा; तो वर्षाच्या आत परत यायला हवा. पॅकिंगच्या दोघी आहेत तशाच राहू द्या, जमलं तर पगार थोडा वाढवा. सील नीट लागलं नाही हे त्यांच्याच नजरेला आधी पडतं.

एवढं मात्र या महिन्यातच करा. दुसरी एक चक्की शोधा आणि गरज नसली तरी दर महिन्याला ५० किलो तिथे टाका. ऐन लग्नसराईत इतवारीतल्या चक्कीची मोटर जळली, तर अनोळखी दारात पोतं घेऊन उभं राहावं लागणार नाही.