मित्र वॉरगेममध्ये हातचं राखून खेळतो, चाली मागे घेऊ देतो. घ्याव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आणि तुमचा मित्र ‘वॉरहॅमर : द ओल्ड वर्ल्ड’ हा टेबलावर छोट्या सैनिकांच्या मूर्ती मांडून खेळायचा युद्धखेळ खेळायला लागलात. तो मुरलेला, तुम्ही नवे. तुमची तुकडी चुकीच्या जागी गेली की तो म्हणतो, ‘असू दे, परत ठेव.’ तुम्हाला ते खटकतं, पण बोलावं की नाही ते कळत नाही. शिवाय पहिली सेना किती पॉइंटांची घ्यावी (प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंटांत असते), हेही विचारलंय.

खटकतंय ते योग्यच आहे. घेऊ नका, आणि त्याला तसं स्पष्ट सांगा. खेळात मित्राने न मागता दिलेली सवलत ही उधारी असते. तिची वही तुमच्याकडे नसते, त्याच्याकडे असते, आणि ती तो नेमकी अडचणीच्या वेळी उघडतो. मी हे अनुभवाने बोलतोय.

मी डर्बीला राहतो. माझा मित्र कॉलेजपासूनचा, मूळचा सांगलीचा, नोकरीसाठी माझ्या आधी इकडे आला. ज्या कंपनीचा हा खेळ, तिचं मुख्यालय शेजारच्या नॉटिंगहॅममध्येच, लेंटनला. त्याला हा नाद तिथेच लागला. 1983 पासून चालत आलेला जुना वॉरहॅमर कंपनीने 2015 मध्ये बंद केला आणि त्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ आणला, तेव्हा याने आपलं ब्रेटोनियाचं घोडदळ खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. जानेवारी 2024 मध्ये ‘ओल्ड वर्ल्ड’ आला, तोही ब्रेटोनिया आणि टूम किंग्ज या दोन सेना पुढे करून. त्याने खोकी खाली काढली आणि मला टूम किंग्ज घ्यायला लावले. सांगाड्यांचं सैन्य, हाडांचे रथ, वाळूत पुरलेले राजे. मला ते बघताक्षणी आवडलं. हस्तिदंती प्रायमर, वर तपकिरी वॉश, मग कोरड्या ब्रशने कडा उजळायच्या, असं करत अख्खी सेना मी स्वतः रंगवली.

सुरुवातीच्या डावांत तो तुमच्या मित्रासारखाच वागायचा. मी तुकडी वळवली की म्हणायचा, ‘अरे, अशी उभी केलीस तर माझे घोडे बाजूने, कुशीत घुसतील. परत ठेव.’ मी म्हणायचो, घुसू देत, त्याशिवाय मला कळणार कसं? पण तो स्वतःच माझा ट्रे, म्हणजे अख्खी तुकडी ज्यावर उभी असते तो, उचलून मागे ठेवायचा. त्याला वाटायचं, मोठेपणा करतोय.

मग एका शनिवारी त्याच्या घरी आम्ही 2000 पॉइंटांचा डाव मांडला. डायनिंग टेबलवर सहा बाय चारचा बोर्ड, मध्ये एक टेकडी, एका बाजूला पडकी भिंत. त्याचं घोडदळ समोर, त्याच्या मुख्य सरदारासकट. माझे टूम गार्ड, म्हणजे निवडक पायदळ, मधोमध, आणि रथ डावीकडे भिंतीआड.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं भांडण तिच्यावर आहे. हा खेळ इंचावर चालतो. चार्ज करताना, म्हणजे शत्रूवर धावून जाताना, दोन फासे टाकायचे, मोठा आकडा ठेवायचा आणि तो तुकडीच्या मूळ चालीत मिळवायचा. चार इंच चालणाऱ्या साध्या पायदळाची चार्जची मजल म्हणजे जास्तीत जास्त दहा इंच. म्हणून साडेदहा इंचांवर उभा राहिलेला खेळाडू आणि साडेनऊवर उभा राहिलेला खेळाडू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने विचार केलाय, दुसऱ्याने पैज लावलीय. फासे नशीब देतात, पण कुठल्या अंतरावरून टाकायचे हे तुम्ही ठरवता, आणि या खेळातलं कसब म्हणतात ते हेच. ‘ओल्ड वर्ल्ड’मध्ये तर टेप केव्हाही लावून बघता येते, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकला ही सबबही उरत नाही.

तिसऱ्या फेरीत त्याने टेप न लावता चार्ज जाहीर केला. फासे पडले एक आणि दोन. चार्ज फसला. घोडदळ थोडंसं पुढे सरकून मोकळ्यावर उभं राहिलं आणि त्याची कूस माझ्या रथांसमोर उघडी पडली. ते त्याला दिसलं, मलाही दिसलं. तो म्हणाला, ‘थांब थांब, आधी मी उजवीकडची तुकडी हलवणार होतो. हा चार्ज धरू नकोस.’ आणि ट्रे उचलला.

मी म्हटलं, फासे पडलेत. तो म्हणाला, ‘अरे, आपल्यात काय एवढं?’ बोलता बोलता त्याने ट्रे मागे ठेवलासुद्धा. तो जिथे होता तिथे बसला नाही. साधारण इंचभर मागे आणि माझ्या रथांकडे किंचित वळलेला बसला. मी अजूनही असं म्हणत नाही की त्याने ते मुद्दाम केलं. पण बुद्धिबळाच्या पटावर घरं असतात, घोडा परत ठेवला तर तो त्याच घरात जातो. आपल्या बोर्डवर हिरवा मॅट असतो. ट्रे एकदा उचलला की मूळ जागा गेली. चाल ‘जशीच्या तशी’ मागे घेणं या खेळात शक्यच नाही, आणि हे चाली मागे घेणाऱ्या कुणालाच पटत नाही.

त्या किंचित वळण्याने काय झालं बघा. कोणती तुकडी समोरून धडकतेय आणि कोणती कुशीतून, हे तुकडीच्या कोपऱ्यातून पंचेचाळीस अंशांत जाणाऱ्या रेषेवर ठरतं. चार्ज करणाऱ्यांचा मोठा भाग रेषेच्या ज्या बाजूला, ती बाजू लागू. कुशीतून धडकलात तर लढाईच्या निकालात वरचा गुण मिळतो आणि समोरच्याच्या मागच्या रांगांचा फायदा बुडू शकतो. माझे रथ आधी सगळेच्या सगळे कुशीच्या बाजूला होते. ट्रे परत ठेवल्यावर निम्म्याहून जास्त समोरच्या बाजूला आले. म्हणजे त्याचा फसलेला चार्ज तर पुसला गेलाच, वर माझी दोन फेऱ्या दडवून ठेवलेली चालही गेली.

मी नाही म्हटलं. तेव्हा त्याने वही उघडली. ‘सुरुवातीला मी तुला किती वेळा दिलं? तेव्हा नाही नियम आठवले?’ मी म्हटलं, मी एकदा तरी मागितलं होतं का? तो म्हणाला, ‘तू वकिली खेळतोस. मित्रांमध्ये असं नसतं.’ आवाज चढले, वहिनी बाहेर आल्या. डाव तिथेच मोडला आणि त्यानंतर बरेच महिने आम्ही फुटबॉल, हवामान, घरांच्या किमती, सगळ्यांवर बोललो, पण टेबल मांडलं नाही.

माझं मत तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. मित्रांमध्येच नियम काटेकोर हवेत. अनोळखी माणसाशी स्पर्धेत खेळताना बोलवायला पंच असतो, आणि वाद झाला तरी संध्याकाळी तुम्ही आपापल्या घरी जाता. 1824 साली राइसवित्झ या प्रशियन अधिकाऱ्याने लष्करासाठी असा नकाशावरचा युद्धखेळ नियमांसकट मांडला, त्यातही निकाल द्यायला पंच होता. डायनिंग टेबलवर पंच नसतो. तिथे तुम्ही दोघंच खेळाडू आणि दोघंच पंच. अशा वेळी एक जण ‘जाऊ दे’ म्हणायला लागला की तो पंचाची खुर्ची एकट्याने घेतो. कोणती चूक माफ आणि कोणती नाही, हे तो ठरवतो. तुमचा मित्र आज तुमच्या बाजूने ठरवतोय म्हणून ते गोड लागतंय, इतकंच. आणि हातचं राखून खेळणाऱ्या माणसाला हरवलं तरी तो विजय तुमचा नसतो. मनातल्या मनात तो म्हणतोच, मी सोडला म्हणून.

तर करायचं काय? चाल करण्याआधी ती तोंडाने बोला. ‘ही तुकडी मी त्याच्या मजलेच्या बाहेर, साडेदहा इंचांवर ठेवतोय’, मग दोघांनी मिळून टेप लावायची. हेतू दोघांना मान्य झाला की पुढच्या फेरीत पाव इंचावरून कोणी भांडत नाही. विचार बदलायला फासे पडेपर्यंत मुभा, नंतर नाही. कलंडलेला फासा पुन्हा टाकायचा. नियम नीट कळला नाही आणि पानं उलटण्यात दहा मिनिटं गेली, तर फासा टाकून निकाल लावा आणि पुढे चला. ही सोय वॉरहॅमरच्या पुस्तकांतच वर्षानुवर्षं दिलेली आहे.

बेसचंही, म्हणजे प्रत्येक मूर्तीच्या पायाखालच्या तळाचंही, आधी बोलून घ्या, विशेषतः मित्राची सेना जुनी असेल तर. ‘ओल्ड वर्ल्ड’मध्ये सांगाड्यांचे बेस 20 मिलिमीटरवरून 25 वर गेले, घोडदळाचे 25 बाय 50 वरून 30 बाय 60 वर. पाच सांगाड्यांची रांग पूर्वी दहा सेंटिमीटर रुंद होती, आता साडेबारा. जुन्या बेसची सेना कमी जागेत मावते, म्हणजे समोर लढायला जास्त माणसं येतात. बेस उपटायची गरज नाही, मध्ये फट सोडणारे ट्रे मिळतात. माझ्या मित्राचे घोडे अजून जुन्या बेसवर आहेत आणि ट्रे मीच आणून दिलेत.

आता तुम्ही विचारलेलं, पॉइंट. 500 पासून सुरू करा, फार तर 1000. निदान पाव भाग कोअर, म्हणजे सेनेचा कणा असलेल्या साध्या तुकड्यांवर घालवावाच लागतो, आणि तेच बरं, कारण पायदळ हलवता आलं की बाकीचं येतं. सुरुवातीला जादूगार एकच ठेवा आणि ड्रॅगन नकोच. छोट्या डावात ड्रॅगन उतरला की उरलेले सगळे नुसते प्रेक्षक होतात.

हे सगळं पहिल्या दोन-तीन डावांना लागू नाही, हेही सांगतो. तेव्हा पत्ते उघडे ठेवून, बोलत बोलत, हवं तसं मागेपुढे करत शिका. लहान मुलांशी खेळतानाही माझं हे शास्त्र गुंडाळून ठेवा. आणि नियम माहीतच नव्हता म्हणून झालेली चूक वेगळी, ती दुरुस्त करावी. मी बोलतोय ते विचार करून घेतलेल्या आणि मग महागात पडलेल्या निर्णयाबद्दल.

आणि तुमच्या मित्राला सवलत द्यायचीच असेल, तर ती पहिला फासा पडायच्या आधी द्यायला सांगा. तुमचे 1000 पॉइंट, त्याचे 850. किंवा टेबलाची कोणती बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा. उघड, मोजून, दोघांच्या देखत. मग डावात कोणी कोणाचं देणं लागत नाही आणि दोघंही जीव तोडून खेळू शकतात. माझ्या मित्राला मी हेच सुचवलं होतं, मी नवा होतो तेव्हाच. तो म्हणाला होता, ‘पॉइंट कमी घेऊन हरलो तर काय मजा?’ म्हणजे स्वतःला हरायची शक्यता नको होती, पण दिल्याचं नाव हवं होतं. गेल्या हिवाळ्यापासून आम्ही परत खेळतो, वर लिहिलेल्या अटींवर, समान पॉइंटांनी. ‘आपल्यात काय’ तो अजून म्हणतो. पण चार्ज जाहीर करायच्या आधी टेप लावतो.