भागीदार निवृत्त झाला आणि दुकानाचा पत्ताही बदलला, तर फक्त जीएसटीत बदल करून भागते का?

नाही भागत. तुम्ही लिहिले आहे की तिघा भावांची नोंदणीकृत भागीदारी फर्म आहे, साड्यांचे दुकान बेळगावच्या खडे बाजारातून शहापूर भागात नेले, थोरले दादा वयामुळे बाजूला झाले, आणि ‘जीएसटीत पत्ता बदलला की झाले’ असे कुणीतरी सांगितले. बेळगावातल्या लहान व्यापाऱ्यांचे हिशेब आणि विवरणपत्रे मी सांभाळतो. हा सल्ला इथे सर्रास दिला जातो. पत्त्यापुरता तो अर्धा तरी बरोबर आहे, पण दादांच्या बाबतीत धोक्याचा आहे, म्हणून आधी त्यांचेच सांगतो.

भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या कलम ३२ प्रमाणे, निवृत्तीची जाहीर सूचना निघेपर्यंत दादा बाहेरच्या लोकांना बांधलेलेच राहतात. ते भागीदार आहेत हे ज्याला ठाऊक आहे असा इचलकरंजीचा किंवा सुरतेचा व्यापारी, निवृत्तीनंतर तुम्ही उधार आणलेल्या मालाचे पैसेही त्यांच्याकडे मागू शकतो. मग दादांनी वर्षभर दुकानाची पायरी चढलेली नसली तरी! जाहीर सूचनेत तीन गोष्टी येतात: रजिस्ट्रार ऑफ फर्म्सना (फर्मची नोंद ठेवणारे सरकारी अधिकारी) कलम ६३ खाली कळवणे, राजपत्रात प्रसिद्धी, आणि जिल्ह्यात खपणाऱ्या देशी भाषेतल्या निदान एका वृत्तपत्रात जाहिरात. कायद्याला एक वृत्तपत्र पुरते. माझा आग्रह मात्र एक मराठी आणि एक कन्नड अशा दोन दैनिकांचा असतो, कारण तुमची देवाणघेवाण दोन्ही भाषांतल्या लोकांशी आहे.

जीएसटीचे देणे याहून वेगळे. जीएसटी कायद्याचे कलम ९० सांगते की भागीदार निवृत्त झाला की त्याने किंवा फर्मने निवृत्तीची तारीख एका महिन्याच्या आत आयुक्तांना लेखी कळवायची. तसे कळवले तर दादांची जबाबदारी निवृत्तीच्या तारखेपर्यंतच्या करापुरती राहते. नाही कळवले तर ज्या दिवशी कळवाल त्या दिवसापर्यंत ती लांबते. त्यामुळे पोर्टलवरचा अर्ज भरलाच तरी वेगळे पत्र द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. ज्या माणसाने दुकान उभे केले त्याला म्हातारपणी नोटिसा याव्यात, हे मला अजिबात पटत नाही. एका पत्राने ते टळते.

आता क्रम. सर्वात आधी निवृत्तीचे डीड, म्हणजे लेखी करारपत्र, त्यात तारीख स्पष्ट हवी. मागे दोघे भाऊ उरत असल्याने फर्म तीच राहते, म्हणून पॅन तोच आणि जीएसटी नंबरही तोच. (भागीदार दोघेच असते आणि एक गेला असता तर फर्मच संपली असती, आणि उरलेल्याला स्वतःच्या पॅनवर नवा नंबर घ्यावा लागला असता.) डीड झाले की रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे दोन्ही बदल नोंदवा. दादांचा कलम ६३ खाली, मुख्य ठिकाणाचा कलम ६० खाली. पुढेमागे पुतण्याला भागीदार करून घ्याल तेव्हाही इथली नोंद विसरू नका. उधारी वसुलीचा दावा लावताना दावा करणाऱ्यांची नावे फर्मच्या रजिस्टरमध्ये भागीदार म्हणून दिसावी लागतात, हे कलम ६९ आहे.

मग जीएसटी. बदल झाल्यापासून १५ दिवसांत फॉर्म आरईजी-१४, म्हणजे नोंदणीतल्या बदलाचा अर्ज, भरायचा. मुख्य पत्ता आणि भागीदार या दोन्ही गोष्टी अधिकाऱ्याच्या मंजुरीच्या आहेत, तेव्हा एकाच अर्जात घाला. त्याआधी एक पाहा: ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो? बहुतेक घरांत थोरल्याच्याच. तसे असेल तर अधिकृत सही करणारा म्हणून आधी तुमचे नाव लावून घ्या. या बदलाला मंजुरी लागत नाही. अर्जावर अधिकाऱ्याला १५ कामकाजाचे दिवस असतात. त्याने खुलासा मागितला तर उत्तराला तुमच्याकडे ७ कामकाजाचे दिवस. त्या काळात ईमेल रोज उघडा.

अर्ज अडतो तो बहुधा जागेच्या कागदावर. हेस्कॉमचे लाईट बिल घरमालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर, घरपट्टी तिसऱ्याच्या, भाडेकरार चौथ्याशी. भाड्याची जागा असेल तर करार करण्याआधीच मालकाकडून घरपट्टीची पावती पाहून घ्या. करार, बिल आणि अर्ज यांत घर नंबर आणि गल्लीचे नाव अक्षर न् अक्षर जुळू द्या.

खडे बाजारातली जुनी जागा गोदाम म्हणून ठेवणार असाल तर ती ‘अतिरिक्त ठिकाण’ म्हणून दाखवा. आणि स्वस्त पडते म्हणून गोदाम शिनोळीला न्यायचा विचार असेल तर तो नुसता पत्ताबदल नव्हे. गाव दारात असले तरी ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तुमचा नंबर कर्नाटकच्या २९ ने सुरू होतो, तिथे २७ चा वेगळा नंबर घ्यावा लागेल.

बाकीची कामे सोपी आहेत, पण चुकवू नका: महानगरपालिकेचे ट्रेड लायसन, कामगार खात्याची दुकान नोंदणी, पॅनमधला पत्ता, बँक आणि उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी). उद्यमचा बदल सरकारी पोर्टलवर फुकट होतो, त्याचे पैसे कुणालाही देऊ नका. नवी पाटी रंगवायला टाकण्याआधी कर्नाटकचा २०२४ चा नियम लक्षात घ्या: पाटीवर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात. जीएसटी नंबरही दर्शनी पाटीवर लागतो.

जीएसटीचे १५ दिवस उलटून गेले असतील तरी अर्ज भराच. जीएसटी कायद्याच्या कलम १२५ खाली २५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण म्हणून बदलाची तारीख पुढची टाकू नका. डीड, भाडेकरार आणि लाईट बिल यांवरच्या तारखा अधिकाऱ्यासमोरच असतात.