वाचकांचे प्रश्न : गेमिंग कन्सोल आणि घरातलं वाय-फाय

प्रश्न : फायबरचा १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. मोबाइलवर स्पीड टेस्ट केली तर ९० च्या पुढे आकडा दिसतो. तरीही रात्री आठनंतर पीएस५ वर ऑनलाइन मॅच लावली की खेळाडू जागच्या जागी अडकतात, मधूनच उड्या मारतात. राउटर हॉलमध्ये आहे, कन्सोल आतल्या बेडरूममध्ये. मोठा प्लॅन घेऊ का? (डोंबिवली)

उत्तर : नको. मॅच चालू असताना एक-दोन एमबीपीएसच्या आतच डेटाची ये-जा होते. मोठा प्लॅन उपयोगी पडतो तो गेम डाउनलोड करताना. तुमच्याकडे डेटा उशिरा आणि अनियमित पोचतोय, आणि हा उशीर नेमका कुठे होतोय ते आधी शोधायला हवं : कन्सोल ते राउटर, की राउटरच्या पुढे?

रात्री त्रास होत असतानाच लॅपटॉप कन्सोलच्या शेजारी ठेवा आणि त्याच वाय-फायला जोडा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला (अनेक घरांत १९२.१६८.१.१) आणि दुसरीत ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) सतत पिंग लावा. पिंग म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. पत्त्यानंतर हायफन-टी दिलं की पिंग थांबत नाही. पाच मिनिटं दोन्हीकडे बघा. राउटरचा पिंग एरवी २ ते ५ मिलिसेकंद असतो. तोच मधे मधे १००-२०० वर जात असेल किंवा ‘टाइम्ड आउट’ येत असेल, तर दोष तुमच्या वाय-फायचा. राउटरचा पिंग शांत आहे आणि फक्त ८.८.८.८ चा उसळतोय, तर लाइन भरलेली आहे किंवा कंपनीकडे अडचण आहे. ही चाचणी केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

तुमच्या वर्णनावरून वाय-फायचाच संशय जास्त. रात्री आठला बिल्डिंगमधलं प्रत्येक घर ऑनलाइन असतं आणि वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. मोबाइलवर वाय-फाय अ‍ॅनालायझरचं अ‍ॅप टाकून यांतला कमी गर्दीचा निवडा आणि चॅनलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करा. रुंदी कमी केल्यावर स्पीड टेस्टचा आकडा उतरेल, पण मॅच सुधारेल.

मधे एकच भिंत असेल तर ५ गिगाहर्ट्झ केव्हाही चांगलं. पीएस५ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, मग इंटरनेट कनेक्शनच्या यादीत तुमच्या वाय-फायच्या नावावर जाऊन ऑप्शन्सचं बटण दाबलं की बँड निवडता येतो. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचा चॅनल ‘ऑटो’वर सोडू नका, ३६ ते ४८ मधला एक पक्का करा. ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावाच लागतो आणि तुम्ही मॅचमधून बाहेर फेकले जाता. मधे दोन-तीन भिंती किंवा आरसीसीचा खांब आला, तर मात्र ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पटकन गळतो. अ‍ॅपमध्ये कन्सोलपाशी सिग्नलच्या ताकदीचा उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून बरा आकडा (उणे ६०, उणे ५०) मिळायला हवा. उणे ७५ च्या खाली गेला की तक्रारी सुरू झाल्याच म्हणून समजा.

टीव्हीच्या मागे, भिंतीला चिकटून कन्सोल ठेवला असेल तर आधी तो पुढे काढा. कन्सोल २.४ वर चालत असेल आणि त्याला यूएसबी ३.० ची बाहेरची हार्डडिस्क जोडलेली असेल, तर ती मीटरभर दूर सरकवा. त्या डिस्कच्या आणि केबलच्या गोंगाटात २.४ चा सिग्नल खरोखर बुडतो, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

लाइन भरलेली निघाली तर घरातल्या मोबाइलचा फोटो बॅकअप तपासा. अपलोड पूर्ण व्यापला गेला की मॅचचा डेटा राउटरमध्ये रांगेत अडकतो. राउटरमध्ये क्यूओएस (कोणत्या उपकरणाचा डेटा आधी जाईल ते ठरवणारी सोय) असेल तर कन्सोलला प्राधान्य द्या, नसेल तर बॅकअप पहाटेवर टाका.

खरा पक्का इलाज मात्र लॅन केबल. तयार कॅट ६ केबल घेऊन केसिंग पट्टीतून खोलीत न्या. १०० मीटरपर्यंत काहीच अडत नाही. केबल जागेवर क्रिम्प करून (टोकाला कनेक्टर बसवून) घेणार असाल तर आठही तारा बसवायला सांगा. चारच तारांवर भागवलं तर लिंक १०० एमबीपीएसवरच अडकते. आज चालेल, पण उद्या प्लॅन वाढवलात तर त्रास. स्वस्त सिंगल बँड एक्स्टेंडर (वाय-फाय पुढे पोचवणारा डबा) मात्र घेऊ नका. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो आणि उशीर वाढतो.

प्रश्न : नवीन राउटर बसवल्यापासून जुन्या पीएस४ ला घरचं वाय-फाय यादीत दिसतच नाही. सगळ्यांच्या मोबाइलवर मात्र दिसतं. (सांगली)

उत्तर : कन्सोलच्या स्टिकरवर मॉडेल नंबर पाहा. सीयूएच-१ ने सुरू होत असेल, तर त्या पीएस४ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजतं. ५ गिगाहर्ट्झ आलं ते २०१६ च्या स्लिम आणि प्रोपासून. म्हणजे राउटरवर २.४ बंद ठेवलेलं आहे का ते बघा. नावापुढे ‘५जी’ लिहिलेलं नेटवर्क ५ गिगाहर्ट्झचं असतं. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही.

राउटरच्या पानावर २.४ सुरू करा, त्याला वेगळं नाव द्या, ‘स्मार्ट कनेक्ट’ (दोन्ही बँडना एकच नाव देणारी सोय) बंद करा, चॅनल १ ते ११ मध्येच ठेवा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए३ ऐवजी डब्ल्यूपीए२ करा. यानंतर नाव दिसेल. जोडताना एनडब्ल्यू-३१२९७-२ आलं तर पासवर्ड चुकतोय. एनडब्ल्यू-३१२५३-४ आलं तर दोष डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) : ‘कस्टम’ निवडून डीएनएस मॅन्युअल करा, ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा, बाकी सगळं ऑटोमॅटिक राहू द्या.

प्रश्न : एक्सबॉक्स सीरीज एस वर नॅट टाइप ‘स्ट्रिक्ट’ दाखवतो. पार्टीत मित्रांचा आवाज येत नाही. व्हिडिओ बघून पोर्ट फॉरवर्ड केले, काही फरक नाही. (नाशिक)

उत्तर : नॅट म्हणजे घरातली सगळी उपकरणं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवण्याची राउटरची पद्धत, आणि पोर्ट म्हणजे बाहेरून आत यायचा दरवाजा. ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे हे दरवाजे जवळपास बंद. पोर्टला हात लावण्याआधी राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) वाचा आणि ‘माय आयपी’ सर्च करून येणाऱ्या पत्त्याशी ताडून बघा.

दोन्ही सारखे असतील तर राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला हवे ते पोर्ट आपोआप उघडणारी सोय) सुरू करा, हाताने केलेले फॉरवर्ड काढून टाका, राउटर रीस्टार्ट करा. एक्सबॉक्सचं पॉवर बटण १० सेकंद दाबून तो पूर्ण बंद करा, मग नेटवर्क सेटिंग्जमधून नॅटची चाचणी पुन्हा घ्या. यूपीएनपी नको असेल तर यूडीपी ३०७४ हा एकच पोर्ट कन्सोलच्या कायम केलेल्या आयपीला द्या.

वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर घरात बहुधा दोन राउटर एकामागे एक लागलेत : कंपनीचा डबा आणि तुमचा स्वतःचा. कंपनीच्या माणसाकडून त्यांचा डबा ब्रिज मोडवर (राउटरचं काम न करता नुसता डेटा पुढे देण्यापुरता) करून घ्या, किंवा तुमचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वाय-फाय देण्यापुरता) टाका.

पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. त्याला सीजीनॅट म्हणतात. मग तुमच्या राउटरवर काहीही केलं तरी दरवाजा कंपनीकडेच बंद राहतो, म्हणून तुमचे कष्ट वाया गेले. तक्रार करताना ‘गेम चालत नाही’ असं सांगू नका. ‘मला पब्लिक आयपी हवा’ असं नेमकं मागा. बहुतेक ठिकाणी तो जादा पैसे घेऊन स्टॅटिक (न बदलणारा) आयपी म्हणून मिळतो. आणि ‘मॉडरेट’ आलं व पार्टीत आवाज येऊ लागला, तर ‘ओपन’च्या मागे लागू नका.

प्रश्न : पावसाळ्यात लाइट जाऊन आली की निन्टेन्डो स्विचला नेट मिळत नाही. शिवाय त्याच्या डॉकला (टीव्हीला जोडायच्या स्टँडला) लॅनची जागाच नाही. (फोंडा)

उत्तर : लाइट आल्यावर फायबरच्या डब्याला पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोपर्यंत थांबा, मग स्विचचं पॉवर बटण दाबून धरून तो पूर्ण रीस्टार्ट करा. नुसतं झोपवून उठवणं पुरत नाही. डब्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर फायबरच तुटलाय किंवा निसटलाय, कंपनीला फोन करा.

पहिल्या स्विचच्या डॉकला यूएसबी-लॅन अ‍ॅडॉप्टर लावता येतो. २०२१ च्या ओलेड मॉडेलच्या डॉकला लॅन पोर्ट आहेच. राउटरसाठी मिनी यूपीएस घेताना जुन्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनचा आकार दुकानातच लावून बघा.