गवती चहा ओट्यावर, निंबोळी उकिरड्यावर

घरात सहा महिन्यांचं बाळ, मागे दोन म्हशींचा गोठा, आणि पहिला पाऊस पडल्यापासून स्वयंपाकघरात माशाच माशा. विषारी फवारा नको, झाडपाल्याचं काहीतरी सांगा, असं तुम्ही विचारलंय. आमच्याही परसात गोठा आहे, म्हणून करून पाहिलेलंच सांगते.

गवती चहा, पुदिना, निलगिरी यांच्या वासाने माशी लांब राहते, मरत नाही. वास उडाला की पुन्हा ताटावर हजर. ओटा पुसायच्या पाण्यात गवती चहाचा दाट काढा मी आजही घालते. जेवणं उरकेपर्यंत तेवढं पुरतं. खिडकीत ठेवलेल्या तुळशीच्या कुंडीचा मात्र मला कधी गुण आला नाही. पान चुरडल्याशिवाय तिचा वास कितीसा सुटणार?

खरं काम उकिरड्यावर आहे. एक मादी आयुष्यात 500 च्या आसपास अंडी घालते आणि उकाड्यात अंड्याची माशी व्हायला 7 ते 10 दिवस पुरतात. शेणाचा वरचा थर काठीने उचकून बघा. तांदळाच्या बारीक कणीसारखी पांढरी अंडी दिसतील, खाली वळवळणाऱ्या अळ्या, आणि खड्ड्याच्या कडेला कोरड्या मातीत गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोश. कडुलिंब इथे कामाला येतो. त्यातलं अझाडिरॅक्टिन उडत्या माशीला पाडत नाही, ते अळीचं कात टाकणं बिघडवतं आणि तिची माशी होऊ देत नाही. म्हणून आठवडाभर तरी धीर धरा, आधीच्या माशा लगेच कमी होणार नाहीत.

वाळलेल्या निंबोळ्यांच्या बियांतला 50 ग्रॅम गर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, थोडं रिठ्याचं पाणी मिसळा आणि उन्हं उतरल्यावर शिंपडा. कडक उन्हात त्याचा जोर जातो. पहिल्या वर्षी मी एकदम बादलीभर करून चार दिवस पुरवला, शेवटी शेवटी काहीच उपयोग होईना. आता लागेल तेवढाच ताजा करते. खड्ड्यात शेणाच्या प्रत्येक थरावर मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड आणि वर सुकी माती. शेण मात्र रोजच्या रोज उचलायलाच हवं, आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीला घट्ट झाकण हवं. ही दोन कामं टाळून कुठलाही अर्क पुरा पडत नाही.

बाळासाठी एक कळकळीने सांगते. झाडाचं आहे म्हणून निर्धोक समजू नका. कापराची वडी तोंडात गेली तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. निलगिरीचं तेल पाळण्याजवळही नको, आणि निर्गुडीची धुरी करायची तर गोठ्यात, घरात नाही. पाळण्याला मच्छरदाणी लावा आणि ओट्यावर जेवताना पंखा सुरू ठेवा. जोराच्या वाऱ्यात माशीला नीट बसता येत नाही.