जुन्यातून घडवू या : भंगारातला व्हिडिओ गेम

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीवर मी या सदरात लिहिलं, तेव्हापासून हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घरी बनवण्याबद्दल पत्रं येत आहेत. त्यातली चार या वेळी घेते. बाकीच्यांचे प्रश्न बरेचसे यांतच येऊन जातात.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. त्याच्या काकांनी गाडीत मोठा स्क्रीन बसवला, तेव्हा रिव्हर्स कॅमेऱ्याचा जुना ४.३ इंची पडदा याच्या हाती लागला. शिवाय बंद लॅपटॉपची बॅटरी आणि आमच्या टीव्ही गेमचं एक जुनं पॅड त्याने जमवलंय. आता रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड घ्यायला पैसे मागतोय. यातून खरंच काही होईल का? आणि बॅटरीची मला भीती वाटते, ती उगाच आहे का?
— एक आई, धायरी

उत्तर : ताई, होईल, आणि चांगलं होईल. भीतीही उगाच नाही, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. पण आधी मुलाला शाबासकी द्या. बहुतेक जण आधी बोर्ड विकत घेतात आणि मग त्याला जुळणारा पडदा शोधत पुण्याच्या बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पालथी घालतात. भंगारातून बनवायचं तर सुरुवात पडद्यापासून हवी. बोर्ड कधीही मिळतो. हाताशी आलेला पडदा कुठला सिग्नल घेतो आणि किती वीज खातो, यावर बाकीचं सगळं ठरतं.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ साली आला. तो ज्यांच्या हाताखाली घडला ते गुनपेई योकोई चांगले मुरलेले तंत्रज्ञ होते. रंगीत पडदे तेव्हा मिळत होते, तरी त्यांनी १६० बाय १४४ ठिपक्यांचा, मागे दिवा नसलेला साधा पडदा निवडला. तो स्वस्त होता आणि चार पेन्सिल सेलवर मुलं तासन् तास खेळू शकत. पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गिअर रंगीत, उजळ पडदा घेऊन आला. त्याला सहा सेल लागायचे आणि ते काही तासांतच मान टाकायचे. खपला मात्र गेम बॉयच जास्त. मुलाला हे जरूर सांगा, कारण त्याच्याही पुढ्यात हाच हिशोब येणार आहे.

आता तुमच्याकडचा पडदा. त्याला पिवळ्या पिनेतून कॉम्पोझिट व्हिडिओ, म्हणजे एकाच वायरीतून येणारं सगळं चित्र, लागतो आणि झीरो २ डब्ल्यू तो देतो. बोर्डाच्या खालच्या अंगाला त्यासाठी सोल्डरचे ठिपके ठेवलेले आहेत. ते फार बारीक असतात. वायर जराशी ओढली गेली तर ठिपक्यासकट उखडते, म्हणून सोल्डर झाल्याबरोबर वायरवर ग्लू गनचा एक थेंब टाकून ती बोर्डाला धरून ठेवायची. सेटिंगच्या फाइलीत कॉम्पोझिट चालू करून पाल (PAL, आपल्याकडच्या टीव्ही सिग्नलची पद्धत) निवडायचं. मेनूतली बारीक अक्षरं पुसट दिसतील, त्याने नाराज होऊ नये. टीव्ही गेमचं चित्र मुळात २५६ बाय २४० ठिपक्यांचं आणि असल्याच सिग्नलसाठी काढलेलं असायचं, त्यामुळे खेळ त्यावर शोभून दिसतात.

पडदा चालतो गाडीच्या १२ व्होल्टवर आणि सेल देतो ३.७. व्होल्ट वाढवून १२ करता येतात, पण पडद्याच्या आत ते पुन्हा कमीच केले जातात. दोन्हीकडे वीज वाया. म्हणून मागचं झाकण उघडायचं. वीज आत येते तिथे जवळच एक छोटा आयसी (काळी चिप) आणि त्याला लागून कॉइल दिसेल. पडदा १२ व्होल्टवर चालू ठेवून कॉइलच्या पुढच्या टोकाला मल्टिमीटर लावायचा. ५ व्होल्ट आले तर तो आयसी काढून तिथे थेट ५ देता येतात. ३.३ आले तर मात्र ५ चुकूनही द्यायचे नाहीत, पडदा जळेल. अशा वेळी व्होल्ट वाढवून १२ करणारा वेगळा बूस्टर लावावा आणि खेळायचा वेळ थोडा कमी मिळेल हे धरून चालावं.

आता बॅटरी. लॅपटॉपच्या बॅटरीत बहुतेक वेळा १८६५० जातीचे सेल असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. बॅटरीचं प्लास्टिक फोडताना स्क्रू-ड्रायव्हर सेलमध्ये घुसला किंवा सेल जोडणाऱ्या धातूच्या दोन पट्ट्यांना एकदम टेकला, तर सेल क्षणात तापतो आणि पेट घेऊ शकतो. नववीतल्या मुलाने हे काम एकट्याने करू नये, इतकं स्पष्ट सांगते. मोठ्यांनी फोडली तरी जो सेल मीटरवर २.५ व्होल्टच्या खाली दिसेल तो बाद. चार्ज होताना हाताला गरम लागणारा बाद. ४.२ पर्यंत भरून आठवडाभर बाजूला ठेवल्यावर ४.१ च्या खाली घसरलेलाही बाद. एवढ्या चाळणीतून थोडेच उरतात, आणि म्हणून माझं मत असं की पहिल्या गेमसाठी सेल नवाच घ्या. पडदा, बटणं, स्पीकर, वायर, स्क्रू, डबा हे सगळं भंगारातून खुशाल घ्यावं. सेल आणि त्याला चार्ज करणारी पट्टी या दोनच वस्तू नव्या, त्यात काटकसर नको. लॅपटॉपची ती बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. ‘स्वच्छ’ संस्थेचे लोक ई-कचरा घेतात, त्यांच्याकडे द्या.

चार्जिंगसाठी टीपी ४०५६ नावाची पट्टी मिळते. ती सहा टोकांची घ्यायची, चार टोकांची नाही. सहा टोकांच्या पट्टीत सेल फार उतरला किंवा शॉर्ट झाला तर तोडणारा वेगळा आयसी असतो. चार्जिंगला लावून खेळायचं नाही हा नियम घरात पहिल्या दिवसापासून ठेवा. खेळ चालू असला की सेल भरला कधी हे त्या पट्टीला नीट कळत नाही. सेलचे ५ व्होल्ट करणारा बूस्टर बोर्डाला जोडण्याआधी मीटर लावून ५ वर आणावा. त्यावरचा पितळी स्क्रू दुकानातून येताना कुठेही फिरवलेला असतो, आणि तसाच जोडला तर नवा बोर्ड पहिल्याच क्षणी जातो.

पॅडचं काम सगळ्यात गमतीचं. टीव्ही गेमच्या पॅडमध्ये आठ बटणं असतात, पण वायरी लागतात पाचच : वीज, अर्थ, क्लॉक, लॅच आणि डेटा. आतला आयसी आठही बटणांची स्थिती एकामागून एक एकाच वायरीवर पाठवतो. त्यामुळे पॅडची आतली सर्किटची पाटी कापून डब्यात बसवली की पाच वायरींत काम झालं. फक्त त्याला बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवरून वीज द्या, ५ वरून नको. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ च्या वर सहन करत नाहीत. बटणं दाबूनही लागत नसतील तर रबराखालचे काळे ठिपके आणि पाटीवरच्या काळ्या रेघा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

प्रश्न : माझ्याकडे फुटलेल्या मोबाइलचे चार-पाच पडदे आहेत. चित्र सुंदर येतं, फक्त वरची काच गेलीय. यातला एखादा रास्पबेरी पायला जोडता येईल का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कात्रज

उत्तर : नाद सोड. मोबाइलचा पडदा सुरू होताना त्याला ठरावीक आज्ञांची लांबलचक मालिका द्यावी लागते. ती प्रत्येक मॉडेलची निराळी असते आणि कंपन्या ती बाहेर देत नाहीत. कनेक्टरही इतका बारीक की हाताने सोल्डर करणं जवळजवळ अशक्य. त्यात महिने घालवलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांचं मला फार वाईट वाटतं. त्यापेक्षा असं बघ : काच फुटूनही चित्र येतंय म्हणजे तो मोबाइल अजून जिवंत असेल. तसं असेल तर पडदा, प्रोसेसर, बॅटरी, चार्जिंग, आवाज हे सगळं आधीच एकमेकांना जोडलेलं तुझ्या हातात आहे. त्यावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या गेमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाक, मोबाइलला यूएसबी वस्तू जोडणाऱ्या ओटीजी वायरीने जुन्या यूएसबी गेमपॅडची पाटी जोड आणि दोन्ही एका डब्यात बसव. बॅटरी फुगलेली नाही ना, एवढं आधी तपास. फुगली असेल तर तिला हात लावू नकोस.

प्रश्न : गेम पूर्ण तयार झाला. पण आवाज वाढवला की पडदा थरथरतो आणि कधीकधी बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो. बूस्टरवर मीटर बरोबर ५ व्होल्ट दाखवतो. मेमरी कार्ड बदललं, फरक नाही. सेल भरलेला असताना त्रास कमी होतो.
— हडपसर

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच दुखणं सापडतं. बूस्टरवर नको, बोर्डाच्या पिनेवर मोजा. गेम चालू, आवाज मोठा आणि मीटर दुसऱ्या आणि सहाव्या पिनेवर. तिथे ५ च्या जागी साडेचार दिसले तर मला नवल वाटणार नाही. पायच्या मोठ्या बोर्डांवर वीज कमी पडली की पडद्यावर विजेचं चिन्ह येतं. झीरोच्या बोर्डांवर ती सोयच नाही, म्हणून माणूस कार्डाला दोष देत बसतो.

जरा हिशोब करू. बोर्ड, पडदा आणि आवाज मिळून ५ व्होल्टला ०.७ अँपिअर म्हणजे साडेतीन वॉट धरा. बूस्टर थोडी वीज स्वतः खातो. सेल उतरून साडेतीन व्होल्टवर आला की त्याच्यातून सव्वा अँपिअरच्या आसपास ओढले जातात. वाटेतल्या बारीक वायरी आणि सरकत्या स्विचचा मिळून ०.२ ओहम अडथळा असला तरी पाव व्होल्ट तिथेच गळाला. बूस्टरला कमी मिळालं की तो आणखी जोराने ओढतो. त्यात स्पीकरचा धडाका आला की बोर्ड बसतो.

उपाय भंगारातच आहे. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) बाहेर येणाऱ्या लाल आणि काळ्या वायरी छान जाड असतात. सेलपासून बूस्टरपर्यंत आणि बूस्टरपासून बोर्डापर्यंत त्याच वापरा, शक्य तितक्या आखूड. हार्ड डिस्कची चपटी राखाडी केबल बटणांसाठी उत्तम, विजेसाठी अजिबात नाही. अॅम्प्लिफायरची अर्थ वायर बोर्डावरून न घेता सरळ बूस्टरवरून घ्या आणि अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. जुन्या पाटीवरून काढणार असाल तर डोकं फुगलेला घेऊ नका.

एवढं करूनही फरक पडला नाही तर ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा, शोधा. खिडकीपाशी उजेडात पाटी तिरकी धरून भिंगातून प्रत्येक सोल्डर बघायचा. चांगला सोल्डर पिनेला बिलगून उतरता येतो आणि चकाकतो. ड्राय असेल तर पिनेभोवती केसाएवढी काळसर गोल रेघ दिसते आणि वायर हलवली की पिन आतल्या आत हलते. बहुधा असा सांधा स्विचवर किंवा बूस्टरवर निघतो, कारण तिथली जाड वायर उष्णता ओढून घेते आणि सोल्डर नीट वितळायच्या आत आपण आयर्न उचलतो. तिथे सोल्डरिंग पेस्ट लावून आयर्न जरा जास्त वेळ टेकवा. हे होईपर्यंत कार्डाची एक प्रत कॉम्प्युटरवर काढून ठेवा. वारंवार अचानक बंद पडून कार्डातल्या फाइली खरोखरच बिघडतात.

प्रश्न : मुलांसाठी घेतलेला जुना टीव्ही गेम आणि डबाभर कॅसेटी माझ्याकडे आहेत. नातवासाठी असा हातातला गेम करावा म्हणतो. कॅसेटींतले खेळ त्यात घालता येतील का? ते कायद्यात बसतं का? कॅसेटीत फुंकर मारल्यावर त्या चालायच्या, ते आठवतं.
— निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : काका, कॅसेट म्हणत असलो तरी आत टेप नसते, चिप असते, आणि ती वाचून तिची फाइल करणारी यंत्रं मिळतात. कायद्याचं असं आहे : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला ती खराब होण्याच्या भीतीने राखीव प्रत काढता येते. पण आपल्याकडे मिळणाऱ्या शेकडो खेळांच्या कॅसेटी बहुतांशी मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय बनलेल्या होत्या, त्यांना ही सवलत लावता येणार नाही. आणि कॅसेट घरात आहे म्हणून तोच खेळ इंटरनेटवरून उतरवून घेतला, तर तीही राखीव प्रत ठरत नाही.

नातवासाठी मी दुसरी वाट सुचवेन. जुन्या यंत्रांसाठी आजही लोक हौसेने नवे खेळ लिहितात आणि कित्येक जण ते फुकट देतात. शिवाय टिक-८० नावाचं मोफत सॉफ्टवेअर पायवर चालतं. त्यात खेळ लिहायचा, चित्रं काढायची, आवाज करायचे, सगळं एकाच ठिकाणी होतं. त्याचा पडदा २४० बाय १३६ ठिपक्यांचा आणि रंग फक्त १६, त्यामुळे मुलाला आपला खेळ पुरा होताना दिसतो. रिव्हर्स कॅमेऱ्याचे बरेच पडदे ४८० बाय २७२ चे असतात, म्हणजे बरोबर दुप्पट. तुम्ही शिक्षक आहात, तेव्हा पाढ्यांचा एखादा खेळ दोघांनी मिळून लिहिता येईल.

फुंकर मात्र नको. तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि त्या गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसा, पॉलिश पेपर लावू नका. आणि तुमचा मूळ टीव्ही गेम चालत असेल तर पॅडसाठी तो मोडू नका. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर टाका, सुटी पॅडं मिळण्याची शक्यता तिथे सगळ्यात जास्त. घेताना वायर तुटलेली असली तरी चालेल, रबर मात्र चिरलेलं नको.