मैत्रिणींबरोबर मुलांचे कपडे, पिशव्या, भेटवस्तू शिवायच्या आहेत. नाशिकमध्ये सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन नाशिकला आलात, मुलगी सात वर्षांची, मुलगा दोनचा, आणि सोसायटीतल्या तिघी-चौघी शिवायला उत्सुक आहेत. प्रश्न तीन: क्लास लावावा का, मशीन कोणतं घ्यावं, आणि पहिल्यांदा काय शिवावं. मी तिसरा आधी घेते, कारण तो सुटला की बाकीचे दोन निम्मे सुटतात.

मुलीच्या फ्रॉकपासून सुरुवात करू नका. सगळ्यांना तोच करावासा वाटतो, माहीत आहे. पण फ्रॉक म्हणजे गळा, मुंढा (बाही जोडायचा गोल काप), बाही आणि पाठीची चेन, म्हणजे शिवणातल्या सगळ्या अवघड गोष्टी एकाच कपड्यात. तो अर्ध्यावर अडतो, पिशवीत जातो, आणि पुन्हा बाहेर येतो तेव्हा पोर त्या मापातून निसटलेली असते. सरळ टिपेच्या वस्तू धरा: बाजाराची पिशवी, परकर, दुपटं, उशीचा अभ्रा. चौकोन नीट कापता आला आणि टीप सरळ मारता आली की या सगळ्या जमतात, आणि यातली एकही वस्तू घरात पडून राहत नाही.

पिशवीचंच सांगते. 36 इंच पन्ह्याचं जाड मांजरपाट पाऊण मीटर घ्या. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजवा. खळ निघून जाते आणि आटायचं तेवढं तेव्हाच आटतं. न भिजवता शिवलेली पिशवी पहिल्या धुण्यात वाकडी होते. वाळवून इस्त्री केली की 32 इंच रुंद, 19 इंच उंच असा एकच तुकडा कापा. मधोमध घडी घातली की एक बाजू आयतीच बंद. दुसरी बाजू आणि तळ अर्ध्या इंचावर शिवा. मग तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणासारखे ओढून आडवी चार इंचाची टीप मारा, म्हणजे पिशवीला बूड येतं आणि कांदे-बटाटे भरून ओट्यावर ठेवली तरी ती उभी राहते. वरच्या कडेला दीड इंच दुमडून टीप. उरलेल्या कापडातून 4 बाय 24 इंचाच्या दोन पट्ट्या निघतात. त्या चार पदरी घडी घालून इंचभर रुंद करायच्या आणि बंद म्हणून, म्हणजे धरायला, लावायच्या. बंद जिथे बसतो तिथे नुसती आडवी टीप पुरत नाही, चौकोन शिवून त्यात फुली मारा. पिशवी फाटते ती नेहमी बंदापाशी. कोपऱ्यात एक तुकडा अजून उरेल, त्याचा आत खिसा लावा. सुट्टे पैसे आणि किल्ल्या.

2018 मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पण कापडी पिशवीला भेटवस्तूचा मान मिळायला अजून वेळ लागतोय. तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून अशी पिशवी द्याच. प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या प्रत्येकीकडे ढिगाने साठलेल्या असतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दिवस मिळतात, पण कापणं आधी उरका, डिसेंबरातच.

आता मुलीसाठी परकर. कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची घ्या, त्यात नेफ्याचे दोन इंच मिळवा, आणि वर चांगली चार-पाच इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवा. ही माया दुमडून तुरपून टाकू नका, परकराच्या खालच्या भागात दोन आडवे टक, म्हणजे कापड दुमडून शिवलेल्या घड्या, घाला. पोर वाढली की एक टक उसवायचा, पुढच्या वर्षी दुसरा. घेर कमरेच्या दुप्पट-अडीचपट. नाडीपेक्षा इलॅस्टिक बरं, कमरेच्या मापाहून दोन इंच कमी. खणाचा परकर हवा असेल तर एक लक्षात असू द्या, पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद असतो, तेव्हा घेरासाठी जोड द्यावा लागतो. जोड कडेला न घेता मागच्या बाजूला घ्या. खणाला आतून सुती अस्तर हवंच, नाहीतर पोर तासाभरात कुरकुरायला लागते आणि मग ते फोटोपुरतंच राहतं. सोबतचं पोलकं मात्र पहिल्या वर्षी टेलरकडूनच शिवून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

दोन वर्षांच्या मुलाच्या कपड्यांत बाकी काही चालेल, पण गळ्याशी लांब नाडी किंवा टोपीला ओढायची दोरी अजिबात नको. घसरगुंडीवर, फाटकात, पाळण्याच्या दांड्यात ती अडकते. बटणंही नकोत, ओढून तोंडात जातात. लावलीच तर प्रत्येक बटण चार-सहा वेळा दोरा फिरवून, खाली गाठ मारून, आणि दर धुण्याला ओढून बघून. तान्ह्या बाळाला झबलं देणार असाल तर शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा आणि पाठीमागच्या नाड्या चार-पाच इंचांहून लांब करू नका. झबलं-टोपडं-कुंची असा संच बारशाला दिलात तर घरातल्या आज्या तुमच्यावर जाम खूश होतात, आया थोड्या कमी, त्यांना झिपवाले कपडे सोयीचे वाटतात. दोघींना खूश ठेवायचं तर सोबत दुपटं द्या. दुपट्याला कुणीच नाही म्हणत नाही.

बोरन्हाणाचं काळं झबलं ही अजून एक सोपी वस्तू. हलव्याचे दागिने पांढरे, म्हणून खाली काळं कापड. काळं सुती कापड रंग सोडतं. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं चारजणी सांगतील. विकत आणलेल्या कापडावर त्याचा उपयोग होत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवायचं, दुसरा मार्ग नाही.

मैत्रिणींबरोबर शिवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक गट इथेच मोडतात. इंदिरानगरला आमची भिशी होती, तीच हळूहळू शिवणाकडे वळली, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. चौघी जमतात, प्रत्येकीला आपापला कपडा पूर्ण करायचा असतो, मशीन एक. एक शिवते, तिघी चहा पितात, आणि तिसऱ्या खेपेला दोघीच येतात. त्यावर उपाय म्हणजे कपडे नाही, कामं वाटून घ्यायची. एकीचा हात कात्रीवर बसलेला असतो, तिने कापायचं. एकीची टीप सरळ येते, ती मशीनवर. तिसरी इस्त्री घेऊन बसेल. प्रत्येक टीप मारल्यावर ती दाबली तरच शिवणीला रेडीमेडची सफाई येते, आणि नवख्या बायका नेमकं हेच गाळतात. चौथी तुरपाई, दोरे कापणं, नेफ्यात इलॅस्टिक ओवणं. अशाने एका दुपारी एकाच प्रकारच्या आठ-दहा पिशव्या पडतात आणि सगळ्यांच्या घरी दोन-दोन जातात. महिन्याभराने जागा बदला, म्हणजे प्रत्येकीला सगळं येतं.

कापायचा दिवस आणि शिवायचा दिवस वेगळे ठेवा. कापताना गप्पा नकोत. शिवताना हव्या तेवढ्या. आणि कापडाची कात्री कुलपात ठेवा. शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्या कात्रीने एकदा जरी पुठ्ठा कापला गेला तरी ती मलमलीवर चावायला लागते. आमच्याकडे यावरून नवरे-मुलांची जेवढी भांडणं झालीत तेवढी टीव्हीच्या रिमोटवरूनही झाली नसतील.

मुलीला यात घ्या, पण मशीनवर बसवू नका. सात वर्षांच्या हातासाठी मॅटीचं कापड, बोथट टोकाची मोठी सुई आणि जाड रंगीत दोरा. मॅटीची वीण मोकळी असते, घरं मोजून धावदोरा घालता येतो. पहिल्यांदा टाके कसेही येतात, ते उसवू नका. तिने केलेला तुकडा पिशवीच्या खिशावर लावा. भाऊबीजेला मामाला तिच्या टाक्यांचा रुमाल किंवा राखीपौर्णिमेला कापडी राखी, हे तिला नक्की जमेल. चिंध्यांची बाहुली करायची असेल तर भरायला कापूस वापरू नका, धुतल्यावर गोळे होतात आणि आत ओल राहते. जुन्या उशीतला फायबर पिंजून भरा.

थंडी जवळ आली की गोधडी घ्या. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या दर डिसेंबरात येतात आणि नाशिकातही पहाटे चांगलंच गारठतं. साडेपाच मीटरची जुनी सुती साडी पाच पदरी घातली की साधारण सव्वा मीटरच्या आतला चौकोन होतो, बाळासाठी अगदी बरोबर मापाची गोधडी. कडेने धावदोरा घालत आत आत यायचं, चौघी चार बाजूंनी बसल्या की काम कधी झालं कळत नाही. दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो, पण जुनं मऊ कापड त्याच्या ओढीने चिरतं.

येवल्याची पैठणी आपल्याच जिल्ह्यातली, त्यामुळे जुनी विरलेली पैठणी नाशिकच्या बऱ्याच घरांत निघते. अंग विरलं तरी काठ-पदर शाबूत असतात, त्यांचे बटवे सुंदर होतात. रेशमाचे धागे कडेला सुटतात, म्हणून कापायच्या आधीच मागून मांजरपाटाचं अस्तर टाचून घ्या. आणि सासूबाईंची पैठणी असेल तर त्यांना विचारून. दोनदा विचारून.

कापडासाठी मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार हा भाग पायी फिरा, गाडी आत नेऊ नका. लेस, गोंडे, बटणं, नाड्या असलं बारीकसारीक त्याच फेरीत दहीपुलाकडे आणि कानडे मारुती लेनमध्ये बघा. कॉलेज रोड, गंगापूर रोडला दुकानं छान आहेत, पण शिकायच्या दिवसांत एवढं भारी कापड कशाला कापायचं? कटपीस मागा. आणि दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी कडेचा एक धागा काढून घरी जाळून बघा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि मऊ राख. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. दिवाळीत फटाक्यांपाशी मुलांच्या अंगावर हा मणी होणारा कपडा नको, एवढ्यासाठी तरी ही सवय लावून घ्या.

मशीन लगेच विकत घेऊ नका. ओळखीत विचारा, कुणाच्या तरी घरात आईचं किंवा सासूचं काळं पायमशीन कपड्यांच्या ढिगाखाली सापडतंच. तेल घालून, पट्टा बदलून ते व्यवस्थित चालतं, आणि सरळ टिपेला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. नेहमीच्या सुती कापडाला 14 नंबरची सुई, पिशवीच्या जाड कापडाला 16. कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळ्या बॉबिनला दोष देतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो, तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो. दाबपट्टी (सुईखाली कापड दाबून धरणारा पाय) वर उचलून दोरा पहिल्यापासून ओवा, गुंता थांबतो. वर्षभर गट टिकला, तर मग वर्गणी काढून झिगझॅगवालं घ्या.

क्लासचं म्हणाल तर शिवणक्लास बहुधा ब्लाउज आणि पंजाबी ड्रेसकडे नेतात, ते तुम्हाला आत्ता नकोय. पुढे-मागे कुणाला यातून कमवायचं असेल तर आयटीआयमधला एक वर्षाचा कोर्स रीतसर आहे. पण सुरुवातीलाच ऑर्डरी घेऊ नका. पहिली पिशवी बघून कुणीतरी ‘मला पंचवीस करून द्या’ म्हणणारच, आणि पंचविसाव्या पिशवीपर्यंत गटात हिशेबावरून कुजबुज सुरू झालेली असते.

क्लासऐवजी जवळच्या टेलरशी ओळख वाढवा. मुलांच्या कपड्यांच्या आतल्या कडा इंटरलॉक करून, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून दोऱ्याने बांधून, घ्यायला त्याच्याकडे जा, घरच्या मशीनवर ते होत नाही आणि त्याला पाच मिनिटांचं काम. मुंढा कसा कापतो ते उभ्या उभ्या बघायला मिळतं, त्याला वेळ असेल तर तो सांगतोही. गणपती आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका. एरवी गेलात तर पोतंभर चिंध्या फुकट देईल, त्यातल्या सुती तेवढ्या निवडून घ्या.